गणवेश घालून ये

शाळेच्या गेटवरच्या मावशींना पोरं पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सरकारी शाळेच्या गेटवर उभं राहायचं म्हणजे आवाज लागतो. तो त्यांच्याकडे असा होता, की त्या ओरडल्या की समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या हातातला पाना थबकायचा.

या आवाजाचं मुख्य काम एकच, गणवेश. पांढरा शर्ट आणि तपकिरी स्कर्ट किंवा पँट, हे अंगात नसेल तर शाळेत प्रवेश नाही, असा नियम होता. सकाळी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, पायरीवर उभे राहत आणि मावशी गेटवर. कुणी रंगीत सदरा घालून आलं, की तोफ धडाडायची. “गणवेश घालून ये, मगच आत!” पोरगं तोंड पाडून बाहेर जायचं, भिंतीला वळसा घालून मागच्या बोळात शिरायचं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या लहान लोखंडी दारापाशी जाऊन बसायचं. प्रार्थना संपली, सर खोलीत गेले, की मावशी हळूच कडी काढायच्या आणि पोरं एकेक करून वर्गात. इतकं साधं होतं. जुन्या पोरांचा हिशेब पक्का होता, मावशी जितक्या जोरात ओरडतील तितकं मागचं दार नक्की उघडणार. काही पोरं तर या नाटकात इतकी मुरली होती, की बाहेर जाताना डोळेही पुसायची.

आता कुणी म्हणेल, मग नियम ठेवलाच कशाला? हे विचारून झालं होतं. मागच्या वर्षी पालकांच्या सभेत एका केशकर्तनकार बापाने उभं राहून विचारलं होतं, की शाळा सरकारी, सगळ्यांसाठी खुली, मग कपड्यांवरून दार बंद करायचा अधिकार यांना दिला कुणी? त्यावर एक आई तावातावाने म्हणाली, की गणवेश आहे म्हणून तिची पोरगी बरी, नाहीतर रोज कुणाचा कपडा भारी आणि कुणाचा हलका यातच पोरींचा जीव जाईल. दोन्ही बाजूंनी बरंच तोंड वाजलं. मावशी मागे उभ्या राहून त्या आईच्या बाजूने मान डोलावत होत्या. स्वतः त्या आत्याच्या पोरींचे उतरलेले झगे घालून शाळेत गेल्या होत्या, आणि वर्गात झालेलं हसणं त्यांना अजून झोंबायचं. सगळी लेकरं एका रंगात उभी राहिली, की कोण कुणाच्या घरचं ते कळत नाही, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. शेवटी नियम राहिला. मागच्या दाराबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी सभेत बोलायच्या नसतात, एवढं शहाणपण प्रत्येकाकडे असतं.

तर त्या गारठ्याच्या, ढगाळ सकाळी गेटवर चिमी आली.

चिमी शाळेत नवीन होती. आई आणि ती, दोघीच दुसऱ्या गावाहून राहायला आलेल्या. आई औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. तिथे कामाच्या वेळात फोन कपाटात कुलूपबंद ठेवावा लागे आणि फक्त सुट्टीत मिळे. चिमीला शाळेत घातलं त्या दिवशी तिची आई मावशींना भेटली होती. गणवेश शिवायला टाकलाय, शिंपी शनिवारी देतो म्हणालाय, तोवर सांभाळून घ्या, असं तिने हात जोडून सांगितलं. मावशी म्हणाल्या, “मी आहे ना. तुम्ही निर्धास्त कामावर जा.” पोरगी आईच्या ओढणीचं टोक धरून मावशींकडे टकामका बघत होती. मोठ्या माणसाने सांगितलं ते तसंच्या तसं करायचं, अशा वळणाची पोर. आईने ‘इथे थांब’ म्हटलं, तर ऊन तापलं तरी सावलीत न सरकणारी.

मावशींच्या मनात होतं, की तिला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन मागच्या दाराचं सांगू. पण नेमक्या त्याच सकाळी वरून तपासणीला एक बाईसाहेब आल्या. त्या पायरीवर मोठ्या सरांच्या शेजारी उभ्या, हातात चष्मा, आणि चिमी नेमकी त्यांच्या नजरेसमोर पिवळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये गेटात. सरांनी घसा खाकरला. मावशींनी तोफ डागली, आणि बाईसाहेबांच्या मानाखातर नेहमीपेक्षा जास्तच दारू भरली.

“हे काय घालून आलीस? गणवेश अंगात असल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही. जा, गणवेश घालून ये, मगच आत!”

एवढं बोलून मावशींनी पाठ पायरीकडे करून चिमीला डोळा मारला आणि हनुवटीने बोळाकडे खूण केली. चिमीने त्या डोळ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि वळली. मावशींना वाटलं, हुशार आहे हो पोर, एका खुणेत समजली. इथेच सगळं चुकलं. मावशींची ती खूण पाच-सहा वर्षांत शाळेतल्या प्रत्येक पोराने वाचायला शिकलेली होती. आदल्या आठवड्यात नाव घातलेल्या पोरीला ती कोण शिकवणार होतं? तिने ऐकलं ते फक्त बोलणं.

प्रार्थना झाली, पण बाईसाहेबांना टाकी बघायची होती, मग संडास, मग भांडारघर. किल्ल्या मावशींकडे, म्हणून मावशी त्यांच्या मागे मागे. मागच्या दाराची कडी काढायला त्यांना चांगलाच उशीर झाला. दाराबाहेर नेहमीची दोन गिऱ्हाइकं भिंतीला टेकून चिंचोके खेळत बसली होती. चिमी नव्हती.

“ती नवी मुलगी कुठाय?” मावशींनी विचारलं.

“ती इकडे आलीच नाही,” त्यातला एक म्हणाला. “ती रस्त्याने गेली. पळत.”

 मावशींनी स्वतःची समजूत घातली, की घरी गेली असेल, दुसरं कुठे जाणार? मग आठवलं, की घराला कुलूप असतं आणि किल्ली आईच्या पर्समध्ये कारखान्यात असते. एवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. कारखान्यात चहाची सुट्टी झाली होती. चिमीची आई विचारत होती, नीट पोचली ना? रडली तर नाही ना?

मावशींनी आयुष्यात कधी थाप मारली नव्हती असं नाही. रोज सकाळी गेटवर मारायच्या तीसुद्धा थापच. पण ही तोंडातून कशी निसटली ते त्यांनाही कळलं नाही. “हो हो, वर्गात आहे,” त्या म्हणाल्या. पलीकडून ती बाई हसली, चार वेळा उपकार झाले म्हणाली आणि फोन ठेवला. मावशी टाकीला धरून उभ्या राहिल्या.  आता ती पोर सापडायलाच हवी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन येणार होता त्याच्या आत.

त्या तशाच मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. बाईसाहेब निघून गेल्या होत्या आणि सर सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसले होते. मावशींनी एका दमात सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. चूक झाली की दुसऱ्याकडे बघायची सवय मात्र होती.

“अहो, पण तुम्ही तिला मागच्या दाराने का नाही घेतलं?” सर म्हणाले.

 इतकी वर्षं मावशी सरांच्या नकळत कडी काढत होत्या, किंवा तसं त्यांना वाटत होतं. आणि इकडे सरांनी त्याच कडीच्या भरवशावर नियम चालवला होता.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांनाच ठाऊक आहे, मावशी.”

“मग सर, पुढच्या दारानेच का नाही घ्यायचं?”

 सर म्हणाले, नियम म्हटला की तो दिसावा लागतो, वर कळवावं लागतं, एकाला सोडलं तर सगळेच येतील. बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. मग ते उठले आणि म्हणाले, की मी पोलीस चौकीत जाऊन सांगतो, तुम्ही तिच्या घराकडे बघा. गेटवर शिपाई उभा करून मावशी निघाल्या.

चिमीचं घर बाजाराच्या पाठीमागे, एका चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानावरची खोली. मावशी धापा टाकत जिना चढल्या. दाराला कुलूप, आणि कुलपाखाली चिमीचं दप्तर, भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. ते दप्तर बघून मावशींना रडूच फुटलं. टाकून दिलेलं असतं तर वेगळं. ते असं ठेवलं होतं, जसं पोर आत्ता येऊन उचलणार आहे.

खाली म्हातारा म्हणाला, की पोरगी आली होती, बराच वेळ जिन्यावर बसली होती. मग खाली येऊन तिने विचारलं, गणवेश कुठे मिळतो? “मी म्हटलं, बाळ, शिंप्याकडे. तशी गेली. मला काय ठाऊक?” म्हाताऱ्याने हातातला जोडा बाजूला ठेवला. “का? काय झालं?”

काय झालं ते सांगायला मावशी थांबल्या नाहीत. शिंप्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. तो मशीनवर वाकून बसला होता आणि आधी ओळखच द्यायला तयार नव्हता. मग आठवलं. हो, एक पोरगी आली होती. तिला तिचा गणवेश आत्ताच्या आत्ता पाहिजे होता. त्याने तिला कापलेलं कापड दाखवलं, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, स्कर्टचा घेर वेगळा, आणि शनिवारी ये म्हणून सांगितलं.

“तर मला विचारते काय,” शिंपी हसत म्हणाला, “की हेच अंगाला टाचण्या लावून घालून गेले तर चालेल का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, शाळा आहे का गंमत? शिवल्याशिवाय त्याला गणवेश म्हणत नाहीत.” मावशींचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं. तो म्हणाला, की पोरगी मोठ्या रस्त्याकडे गेली.

मोठा रस्ता म्हणजे ट्रकांचा रस्ता. मावशी पळायला लागल्या. या वयात, या गुडघ्यांनी, पायातली एक चप्पल कधी निसटली तेही त्यांना कळलं नाही. वळणावर माणसांचं कोंडाळं दिसलं, मध्ये एक रिकामा ट्रक आडवा, आणि कुणीतरी ओरडत होतं, पाणी आणा, पाणी.  पिवळा फ्रॉक, पिवळा फ्रॉक, एवढंच डोक्यात. दिसू नये असं वाटत असतानाही त्या माणसांच्या खांद्यांमधून पिवळा रंगच शोधत होत्या. मध्ये एक स्कूटरवाला गुडघा धरून बसला होता आणि ट्रकवाल्याला शिव्या देत होता. दुसरं कुणी नव्हतं. मावशी तिथल्या दुभाजकावर मटकन बसल्या. एका बाईने त्यांना विचारलं, तुमचं कुणी आहे का यात? मावशींनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्या उठल्या आणि दिसेल त्याला विचारत सुटल्या. लहान मुलगी, एवढी, पिवळा फुलाफुलांचा फ्रॉक, बघितली का? लोक ओठ मुडपायचे, नाही म्हणायचे आणि पुढे जायचे. एकाने सल्ला दिला, की पोरांकडे नीट लक्ष ठेवावं. मावशींनी ऐकून घेतलं. एरवी त्यांनी त्याला भर रस्त्यात उभा सोलला असता. आज तोफ गार पडली होती. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली असेल, आता फोन वाजेल, या भीतीने त्यांनी एका हाताने कमरेचा फोन दाबून धरला होता, जणू दाबल्याने तो गप्प राहणार होता.

रस्त्यापलीकडे कामगारांच्या चाळवजा इमारती होत्या. मध्ये मोकळं अंगण आणि अंगणभर दोऱ्या, त्यांवर घराघरांचे कपडे. अंगणाच्या तोंडाशी रखवालदाराची पत्र्याची टपरी आणि तिच्यापुढे पाच-सात बायका. त्यातल्या एकीचा आवाज मावशींच्या तोडीस तोड होता. ती म्हणत होती, की हल्ली पोरांना पाठवतात चोऱ्या करायला, पोरांना कुणी धरत नाही ना. आईबापाचं नाव विचारलं तर तोंड उघडत नाही. नुसतं म्हणते, मला शाळेत जायचंय.

मावशी बायकांना बाजूला सारून आत घुसल्या.

टपरीत खुर्चीवर चिमी बसली होती. अंगात पांढरा शर्ट आणि तपकिरी स्कर्ट. दोन्ही मापाने मोठे, आणि दोन्ही ओलेगच्च. दोरीवरून काढले तसेच तिने घातले होते. बाह्यांतून पाणी टपकत होतं. खुर्चीखाली तळं साचलं होतं आणि तिचे ओठ निळे पडले होते. पिवळ्या फ्रॉकची नीट घडी घालून ती तिने मांडीवर ठेवली होती. एका गालावर बोटं उमटलेली होती.

मावशींना बघताच ती खुर्चीवरून उतरली आणि ताठ उभी राहिली. तिने गळ्याचं वरचं बटण चाचपून बघितलं.

“मावशी, मी गणवेश घातला,” ती म्हणाली. थंडीने तिचे दात वाजत होते. “आता सोडाल ना आत?”

 मावशींनी तिला जवळ ओढलं, तर पोर लाकडासारखी ताठ. मोठ्या आवाजाच्या बाईने विचारलं, तुम्ही कोण हिच्या? मावशी म्हणाल्या, की मी हिच्या शाळेच्या गेटवर असते.

“बरं झालं भेटलात,” ती बाई म्हणाली. “माझी पोरगी तुमच्याच शाळेत, दुपारच्या वेळेला. हा तिचा गणवेश. दुसरा नाही आमच्याकडे. तिला घरी बसवलंय मी आज, विचारा. गणवेशाशिवाय पाठवली, तर तुमच्याकडे गेटवर कोण एक बाई आहे, ती चारचौघांत पोरांची लाज काढते.”

मावशींनी मान वर केली. जिन्याच्या कठड्याला धरून एक मुलगी उभी होती, घरच्या कपड्यांत, रडून डोळे सुजलेली. तीही जुनी गिऱ्हाईक नव्हती. कधी गरजच पडली नसणार. हिची आई रोज गणवेश धुणारी, वाळवणारी, मागच्या दाराची कधी वेळ न येऊ देणारी.

“ती बाई मीच,” मावशी म्हणाल्या. “या पोरीने चोरी केली नाही. हिला मी सांगितलं होतं, गणवेश घालून ये म्हणून. तिने ऐकलं.”

 कुणीतरी टॉवेल आणून दिला. मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि चिमीला म्हणाल्या, की हे ओलं काढ, तुझा फ्रॉक घाल, या ताईचा गणवेश तिला परत देऊ, आणि आपण तिघी शाळेत जाऊ, पुढच्या दाराने, तुला कुणी काही बोलणार नाही. त्यांनी बटणाला हात लावला, तशी चिमी मागे सरली. दोन्ही मुठींनी तिने कॉलर घट्ट धरली.

“नाही,” ती म्हणाली. “काढला की तुम्ही परत बाहेर काढाल.”

“नाही काढणार ग. शपथ.”

“तुम्हीच म्हणाला होतात.”

मावशींनी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. विनवलं, हात जोडले. इतक्या वर्षांत या आवाजाला न जुमानणारं पोर त्यांना भेटलं नव्हतं, आणि आज त्या कुजबुजत होत्या तर एक पोर ऐकत नव्हतं. तिच्या गालावर मारणारी ती मोठ्या आवाजाची बाईही आता खाली बसून म्हणत होती, की राहू दे ग, घालून जा, पण आधी अंग तरी पूस. चिमीने तिच्याकडे बघितलंही नाही. ती थरथरत उभी राहिली. सगळा विश्वास तिने त्या ओल्या कापडावर टाकलेला होता.

फोन वाजला. मावशींनी तो कमरेतून काढला आणि कानाला लावला. पलीकडे भांड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. “जेवली का हो ती?” चिमीच्या आईने विचारलं.

“बाई, तुमची लेक वर्गात नाही,” मावशी म्हणाल्या. “सकाळीही नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले. मी तिला गेटवरून हाकलली होती. आता सापडली आहे, माझ्यासमोर आहे.”

 पलीकडून श्वास घेतल्यासारखा आवाज आला, आणि मग एवढंच, “तिला द्या.”

मावशींनी फोन चिमीच्या कानाशी धरला, कारण ती कॉलर सोडायला तयार नव्हती. आई काय बोलत होती ते बाहेर ऐकू आलं नाही. ती रडत असावी, कारण चिमी मोठ्या माणसासारखी समजूत घालायला लागली.

“रडू नको ना, आई,” ती म्हणाली. “माझ्या अंगात गणवेश आहे. आता मला कुणी बाहेर काढू शकत नाही.”